कचरा नेणाऱ्या बायका आणि त्यांची युनियन: पुण्यातल्या 'स्वच्छ' सेवेचा अभिप्राय

आमची सोसायटी बिबवेवाडीत आहे. तीन विंगा, चार मजले, लिफ्ट नाही. कचरा उचलण्याचं काम 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या दोन बायका करतात. कमिटीत हे खातं माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्याशी रोजचा संबंध येतो. पुण्यात नव्याने राहायला आलेले लोक, विशेषतः महापालिकेच्या हद्दीत अलीकडे आलेल्या गावांमधल्या मोठ्या संकुलांतले, नेहमी विचारतात की 'स्वच्छ' घ्यावं की खासगी ठेकेदार लावावा. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं मत आधीच सांगते: 'स्वच्छ' घ्या. कारणं सांगायला मात्र थोडी जागा लागेल. या सेवेच्या पाठीशी एक कामगार संघटना उभी आहे, आणि सेवा चांगली का आहे याचं बरंचसं उत्तर त्या संघटनेत आहे.

आधी सेवेचं बोलू. दोघींपैकी थोरलीला सगळी सोसायटी मावशी म्हणते, धाकटी त्यांची सून. सकाळी आठच्या आत ढकलगाडी फाटकाशी लागते. दोघी वेगवेगळ्या जिन्यांनी वर जातात आणि वरच्या मजल्यापासून खाली येत प्रत्येक दारातला कचरा घेतात. ओला बादलीत, सुका पोत्यात. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्यायचे. ही लाल ठिपक्याची मोहीम 'स्वच्छ'नेच पुण्यात चालवली. पुडी हातात घेताच आत काय आहे ते कळावं, उघडून बघायची वेळ येऊ नये, एवढीच मागणी. त्याच्या काही वर्षं आधी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्याचं आंदोलनही या बायकांनी केलं होतं. माल विकून नफा तुम्ही घेता, तर त्याच्या कचऱ्याचा भारही तुम्हीच उचला, असं त्यांचं म्हणणं. आज हे म्हणणं नियमांत आणि परिषदांत सगळीकडे ऐकू येतं. पुण्याच्या रस्त्यावर ते त्यांनी फार आधी मांडलं.

सगळी घरं झाली की पार्किंगच्या कोपऱ्यात निवड चालते. पुठ्ठा, रद्दी, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लास्टिक, पत्रा, काच. प्रत्येकाचा ढीग वेगळा, कारण भंगारवाल्याकडे प्रत्येकाचा भाव वेगळा. वेफर-बिस्किटांची चकचकीत पाकिटं कुणी सहसा विकत घेत नाही, ती बाजूला पडतात. ओला आणि उरलेला कचरा फीडर पॉइंटवर, म्हणजे कचरा गोळा करण्याच्या ठरलेल्या जागी, महापालिकेच्या गाडीत जातो. घरांकडून मिळणारं दरमहाचं शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, या दोन्हींवर त्यांचं उत्पन्न उभं आहे.

ही दुसरी बाजू नीट लक्षात घ्या, कारण ठेकेदार आणि 'स्वच्छ' यांच्यातला खरा फरक तिथेच आहे. मी पूर्वी दुसऱ्या एका शहरात राहत होते. तिथे ठेकेदाराची गाडी यायची आणि चालक जे असेल ते गाडीत ओतायचा. आम्ही घरात ओला-सुका वेगळा करायचो, गाडीत दोन्ही एक व्हायचे. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत होते. जितकं वजन जास्त तितकं बिल मोठं, मग वेगळं करण्यात त्याचा काय फायदा? मावशींचा फायदा नेमका उलट आहे. भात-आमटीने भिजलेला पुठ्ठा विकला जात नाही. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलांनी एकदा सगळं एकाच पिशवीत बांधून दिलं, तेव्हा मावशींनी पिशवी दारातच ठेवली. "ह्यात भात हाय आन् बाटल्या बी हायत. येगळं करून द्या पोरांनो, म्या खाली हाय तवर." मुलांनी केलं. त्या दिवसापासून त्या घरात दोन डबे आहेत. वर्गीकरणाचे फलक महापालिकेने गावभर लावले, पण माझ्या जिन्यात वर्गीकरण चालू झालं ते मावशींमुळे.

त्यांच्याबद्दल आणखी एक सांगण्यासारखं आहे. गावच्या जत्रेला किंवा बाळंतपणाला जायचं झालं, तर त्या स्वतःच बदली लावून जातात. बदलीवर येणारी बाई त्यांच्याच ओळखीतली, त्यांच्या संघटनेतली. येताना तिला कुठल्या घरात म्हातारं माणूस आहे, कुठे बेल वाजवायची नाही, हे सगळं माहीत असतं. सोसायटीला फोन करत बसावं लागत नाही. राडारोडा, जुन्या गाद्या आणि झाडांच्या फांद्या आमच्याकडच्या दोघी रोजच्या फेरीत घेत नाहीत. त्याची व्यवस्था सोसायटीने वेगळी केली आहे आणि ते रास्तच आहे.

आता मालक कोण, हा प्रश्न. 'स्वच्छ' ही कंपनी नाही आणि देणग्यांवर चालणारी संस्थाही नाही. ती कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. 2007 साली तिची नोंदणी झाली आणि 2008 मध्ये पुणे महापालिकेशी तिचा करार झाला. तीन हजारांहून जास्त सभासद, त्यांत बहुसंख्य बायका, आणि शहरातली लाखो घरं त्यांच्या फेरीत. म्हणजे माझ्या दारात बादली रिकामी करणारी बाई त्या संस्थेची नोकर नसून भागधारक आहे. संस्थेच्या संचालक मंडळावर कचरावेचकच बहुमतात असतात.

या सहकारी संस्थेची आई म्हणजे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. 1993 साली स्थापन झालेली, कायद्याने नोंदवलेली कामगार संघटना. मागची गोष्ट थोडक्यात अशी. 1990 च्या सुमाराला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली माणसं कचरावेचक बायकांबरोबर काम करू लागली. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली ठळक नावं. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरातूनच सुका माल वेगळा मिळाला, तर हाताला जखमा होणार नाहीत, माल स्वच्छ मिळेल, भाव बरा येईल, असा साधा हिशोब होता. काही बायकांना तसा माल मिळू लागला. इतक्यात एका उद्योजकाने गाडी लावून त्याच भागात घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. बायकांनी विरोध केला आणि त्याला माघार घ्यायला लावली. त्यातून 1993 चा मेळावा झाला. 800 च्या वर कचरावेचक जमले आणि पंचायत स्थापन झाली. पाठीशी डॉ. बाबा आढाव होते. हमाल पंचायतीचा, म्हणजे हमालांच्या संघटनेचा, अनुभव त्यांनी आणला, नावातली 'पंचायत' तिथूनच आली.

हमाल पंचायत मला जवळून माहीत आहे. मी राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून होते आणि बराच काळ मार्केट यार्डाच्या परिसरातल्या शाखेत काढला. काउंटरवर हमाल यायचे. पाठीवर गोण्या वाहणारी, सही करताना पेन घट्ट धरणारी माणसं. पण त्यांच्या नावावर भविष्यनिर्वाह निधी असायचा, ग्रॅच्युइटी असायची, बोनस जमा व्हायचा. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या व्यापाऱ्याचा, असं काम असताना हे कसं? तर 1969 च्या महाराष्ट्र माथाडी कायद्यामुळे. व्यापारी मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा ठरावीक रक्कम, माथाडी मंडळात भरतो आणि मंडळ हमालाला पगार देतं, रजा-निधीचे पैसे बाजूला ठेवतं. मालक पक्का नाही म्हणून हक्क पक्के असू शकत नाहीत, हे म्हणणं या राज्याने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी कायद्याने खोडून काढलं. मंडळात मालक, कामगार आणि सरकार तिघेही बसतात. आज जगभर ज्या प्रश्नावर डोकेफोड चालली आहे, त्याचं एक चालणारं उत्तर मार्केट यार्डात रोज सकाळी गोण्या उचलत होतं. आमच्या शाखेतल्या सुशिक्षित लोकांना त्याचं अप्रूप वाटत नसे, मला फार वाटे.

आमची स्वतःची युनियन त्या काळी जबरदस्त होती. 1966 मध्ये बँका आणि कर्मचाऱ्यांच्या युनियन यांच्यातला पहिला द्विपक्षीय करार झाला. तेव्हापासून देशभरच्या कारकून-शिपायांचा पगार वाटाघाटीने ठरत आला. शाखेतल्या साहेबाला एखाद्याची बदली करतानाही दहा वेळा विचार करावा लागे. माझ्या आयुष्यातली स्थिरता, मुलीचं शिक्षण, हे घर, सगळं त्या करारांवर उभं आहे, आणि ते मी कधी विसरणार नाही.

पण एक गोष्ट डोळ्यांदेखत घडली. शाखेत झाडलोट करायला एक बाई होती, अंशकालीन सफाई कर्मचारी. तिला पूर्ण श्रेणीच्या एक तृतीयांश पगार मिळायचा, कमी होता, पण ती बँकेच्या पगारपत्रकावर होती आणि करारात तिचं नाव होतं. ती निवृत्त झाल्यावर ती जागा भरली गेली नाही. ठेकेदारामार्फत दुसरी बाई आली. तोच झाडू, तीच फरशी, तेच तास. पण ही पगारपत्रकावर नव्हती, युनियनची सभासद नव्हती आणि पुढच्या करारात तिच्यासाठी एक ओळही नव्हती. मग सुरक्षारक्षक गेले, मग चहा-पाणी देणारे गेले. दरवेळी आमची पगारवाढ झाली आणि दरवेळी युनियनच्या कक्षेतली माणसं थोडी कमी झाली. संघटनेची ताकद कुणी एका दिवसात काढून घेतली नाही. फाटकाच्या आतल्यांनी बाहेरच्यांकडे पाहिलं नाही, आणि हळूहळू सगळं काम फाटकाबाहेर गेलं.

कामगार चळवळ संपली असं म्हणणारे लोक बहुतेक वेळा 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपाचा दाखला देतात. अडीच लाख कामगार, संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, आणि रीतसर मागे न घेतलेला संप. त्या संपाने गिरणगाव उद्ध्वस्त झालं हे खरं, त्याची हळहळ आजही माझ्या नात्यातल्या लोकांच्या बोलण्यात आहे. पण त्यानंतर अकरा वर्षांनी पुण्यात, ज्यांना गिरणी नाही, मालक नाही, हजेरीपट नाही, अशा बायकांनी युनियन काढली आणि ती टिकली. आज पंचायतीचे सभासद नऊ हजारांच्या आसपास आहेत. चळवळीचा शोक करताना या बाजूकडे कुणाचं लक्षच जात नाही.

बहुतेक सभासद दलित समाजातल्या आहेत. अनेक कुटुंबं 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून पुण्यात आली. मावशींची आई त्यांतलीच. त्या सांगतात, आई उकिरड्यावर जायची तेव्हा पोलीस चोर समजून धरून न्यायचे. पोत्यात तांब्याची तार सापडली की संपलंच. 1996 मध्ये पंचायतीने सभासदांना दिलेल्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली. छायाचित्र, नाव, पंचायतीचा शिक्का. मावशींकडे त्यांच्या आईचं ते जुनं कार्ड अजून आहे. त्या कार्डामुळे ती बाई संशयित न राहता कामगार झाली. कमाई एका रुपयाने वाढली नव्हती, पण वस्तीतून निघून कामावर जाताना मान वर करून चालता येऊ लागलं. पुढे 2002-03 च्या सुमाराला महापालिकेने कचरावेचकांचा आरोग्य विमा सुरू केला, पंचायतीने पतसंस्था उभी केली, भंगाराची स्वतःची दुकानं चालवून पाहिली, मुलांच्या शिक्षणासाठी झगडली. सगळ्याच्या आधी मात्र ते कार्ड होतं.

त्या कार्डाची आठवण मला आमच्या फाटकाशी रोज येते. जेवण आणि किराणा पोचवणारी मुलं तिथे येऊन उभी राहतात. अंगात कंपनीचा टी-शर्ट, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, आणि कागदावर ती कामगार नसून 'पार्टनर'. त्यांच्या तोंडी सतत एक भीती असते: आयडी ब्लॉक होईल. ग्राहकाने तक्रार केली, ऑर्डर नाकारली, कुणास ठाऊक कशाने, आणि एका सकाळी अ‍ॅप उघडत नाही. विचारायचं कुणाला? समोर माणूसच नाही. मावशींच्या आईची ओळख तिच्या स्वतःच्या संघटनेने दिली होती, ती काढून घेण्याचा अधिकार कुठल्या दुकानदाराकडे नव्हता. या मुलांची ओळख कंपनीच्या संगणकात आहे. मला वाटतं, येत्या काळातल्या युनियनचं पहिलं काम हेच असेल: कामगाराची ओळख त्याच्या स्वतःच्या हातात आणणं. कामाची नोंद त्याच्याकडे हवी, आयडी बंद करण्याआधी कारण सांगायला हवं आणि त्याविरुद्ध दाद मागायला जागा हवी. पैशाची बोलणी त्यानंतर.

याची सुरुवात झालीही आहे. राजस्थानने 2023 मध्ये गिग कामगारांसाठी, म्हणजे अ‍ॅपवरून काम मिळणाऱ्या अशा मुलांसाठी, कायदा केला, कर्नाटकाने 2025 मध्ये. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी असं आहे, आणि ही संहिता धरून केंद्राच्या चारही कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. राजस्थानचा कायदा वाचताना मला सारखा माथाडी मंडळाचा भास होत होता. प्रत्येक व्यवहारावर ठरावीक रक्कम, ती एका मंडळात जमा, मंडळात कामगारांचेही प्रतिनिधी. महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायची गरज नाही, आपल्या पदरी ते आहे. संहितांचा दुसरा भाग मात्र मला चिंतेचा वाटतो. संपासाठी सगळ्याच औद्योगिक आस्थापनांत 14 दिवसांची आगाऊ नोटीस, आणि कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा 100 वरून 300 कामगारांवर. फाटकाच्या आतल्या युनियनचे हात यामुळे बांधले जातात, आणि बाहेरच्यांना निधी मिळेल तो मालकाने दिलेला हक्क म्हणून की सरकारने दिलेली मदत म्हणून, हे ठरायचं बाकी आहे.

पुन्हा कचऱ्याकडे येते, कारण मुंबईने याच कामात वेगळी वाट धरली आणि तुलना करण्यासारखी आहे. तिथे मिलिंद रानडे यांच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्यासाठी न्यायालयात लढा दिला, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 2,700 कामगारांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब झालं. कायम म्हणजे महापालिकेच्या श्रेणीचा पगार, निवृत्तिवेतन, रजा. पुण्याच्या वाटेने यातलं काही मिळालेलं नाही. मावशींना भविष्यनिर्वाह निधी नाही, पगारी आजारपणाची रजा नाही. पण मुंबईच्या वाटेने जायला आधी कुठल्या तरी ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव हवं होतं, म्हणजे कायदेशीर नातं सिद्ध करायला धागा हवा होता. उकिरड्यावर वेचणाऱ्या बाईकडे तो धागाच नव्हता. पंचायतीने आधी काम ताब्यात घेतलं, मग महापालिकेला कराराच्या टेबलावर बसवलं. मला दोन्ही वाटा पटतात. पुढची लढाई या दोन्हींना एकत्र आणण्याची आहे: काम सहकारी संस्थेचंच राहावं, पण निधी आणि आजारपण यांचा भार माथाडी मंडळासारख्या व्यवस्थेतून महापालिकेने उचलावा.

आणि इथेच मी गुण कापते. सेवेला पाचपैकी पाच, व्यवस्थेला तीन. करारानुसार घरांनी शुल्क थेट कचरावेचकाला द्यायचं. यामुळे नागरिक आणि ती बाई यांच्यात नातं तयार होतं हे खरं, पण शहर स्वच्छ ठेवायची कायदेशीर जबाबदारी ज्या महापालिकेची, तिच्यावरचा पगाराचा बोजाही टळतो. आणि दर महिन्याला त्या बाईला दारोदार पैसे मागत फिरावं लागतं. "पुढच्या महिन्यात या", "साहेब घरी नाहीत", "सुट्टे नाहीत". एवढं जिने चढून काम केल्यावर हे ऐकायचं. आमच्या सोसायटीत म्हणून आम्ही शुल्क देखभाल खर्चातच धरलं आणि महिन्याच्या पाच तारखेच्या आत एकत्र देतो. वस्त्यांमध्ये हा प्रश्न आणखी बिकट आहे, तिथे घरं जास्त, गल्ल्या अरुंद आणि घरातलं उत्पन्न मावशींच्या उत्पन्नाएवढंच.

दुसरी त्रुटी म्हणजे कराराची अनिश्चितता. 2020 च्या अखेरीस महापालिकेशी असलेला करार संपला आणि त्यानंतर बराच काळ काम तात्पुरत्या मुदतवाढींवर चाललं. टाळेबंदीत सगळं शहर घरात असताना याच बायका रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्याऐवजी ठेकेदार आणण्याची चर्चा त्याच सुमाराला जोरात होती. तेव्हा पुण्याच्या सोसायट्यांनी पत्रं लिहिली, सह्या गोळा केल्या, नगरसेवकांना गाठलं. आमच्याही सोसायटीचं पत्र गेलं. बँकेत असताना आम्ही संपावर गेलो की लोक चिडायचे. रांगेतला माणूस आमच्या बाजूने कधी उभा राहिला नाही, कारण आम्हीही त्याच्याशी त्या नात्याने कधी बोललो नव्हतो. इथे ग्राहकच कामगारांच्या बाजूने सह्या करत होते. कामगार संघटनेला उद्या उभं राहायचं असेल, तर तिला ही माणसं लागतील. ज्याची रोजची सकाळ तुमच्या कामावर चालते तो तुमच्यासोबत असेल, तर ठेकेदाराला शिरायला वाव मिळत नाही.

काही लोक मला विचारतात की पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींच्या बायकांनी कचरा उचलत राहावं, हे तुम्हाला पटतं का. नाही पटत. मावशींनाही पटत नाही, त्यांची नात नर्सिंगचा कोर्स करते आहे. पण यंत्राच्या आणि आधुनिकतेच्या नावाखाली जेव्हा हे काम ठेकेदाराकडे जातं, तेव्हा जात संपत नाही. त्याच वस्तीतली माणसं त्याच कचऱ्यात उभी असतात, फक्त आता त्यांच्या पदरी ना सुक्या मालाचे पैसे, ना संस्थेत मत. मुलांना बाहेर पडायचा रस्ता आईच्या हातात चार पैसे आणि पत असली तरच खुला होतो. जगातल्या इतर कचरावेचकांनीही हेच ओळखलं. 2008 मध्ये बोगोटाला त्यांची पहिली जागतिक परिषद झाली आणि 2024 मध्ये ब्युनोस आयर्सला त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं निवडणुकीसह अधिवेशन भरलं. पुण्याची पंचायत या साखळीत सुरुवातीपासूनच्या लोकांत आहे, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान वाटतो.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे त्यांनी काय करावं ते सांगते. प्रत्येक घरात दोन डबे आधी आणा, बाई यायला लागल्यावर नव्हे. निवड करायला सावलीतली जागा आणि नळ द्या. काचेचे तुकडे कागदात गुंडाळून, वर लिहून द्या. शुल्क सोसायटीच्या खात्यातून द्या, आणि दर वाढला की वाद घालू नका, त्यात महागाईपलीकडे काही नसतं. दिवाळीला मिठाईबरोबर एका महिन्याचं शुल्क बोनस म्हणून द्या. आम्ही रविवार सुट्टीचा ठरवला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी 10 जून 1890 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, ती घराघरांतून कचरा नेणाऱ्या बाईलाही मिळायला हरकत काय? रविवारचा ओला कचरा झाकण लावून ठेवला तर एका दिवसात काहीही बिघडत नाही. सुरुवातीला दोन-तीन घरांनी कुरकूर केली, आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमचं संकुल मोठं असेल आणि बिल्डरने आधीच कुणाशी करार करून ठेवला असेल, तर त्या ठेकेदाराला तीन गोष्टी विचारा. कामगारांना पैसे कसे आणि किती देता, सुका माल विकून येणारे पैसे कुणाला जातात, आणि ओला-सुका गाडीत वेगळा राहतो का. उत्तरं लेखी मागा. महापालिकेच्या कराराची मुदत संपत आली की क्षेत्रीय कार्यालयाला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र द्या. ते मुदतीच्या आधी गेलं पाहिजे, नंतरच्या पत्राचा उपयोग कमी होतो. आमच्या सोसायटीच्या ठरावाची प्रत हवी असेल तर मागा. शुल्क, सुट्टी, जागा आणि बोनस एवढेच चार मुद्दे त्यात आहेत, आणि सर्वसाधारण सभेत तो एकमताने मंजूर झाला.